खांद्यावरचा खेळाडू

एकदा एका पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघात समुद्रापलीकडून आलेला एक खेळाडू होता. अंगाने उंच, पायाने चपळ, मनाने निर्मळ. या परक्या गावात राहण्याचा त्याचा परवाना संघाच्या करारावर चालत असे. खेळ थांबला की गाव सोडायचे. मायदेशी त्याची आई आणि धाकट्या बहिणी त्याच्याच खेळावर जगत होत्या. म्हणून उजवा गुडघा सुजू लागला, तेव्हा त्याने कोणापाशी ब्र काढला नाही. सामन्याआधी गुपचूप दुखणे दाबणारे इंजेक्शन घ्यायचे आणि मैदानात उतरायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

त्या पेठेची एक रीत होती. सामना जिंकून देणाऱ्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. त्याला गुलालात माखवून मैदानापासून तालमीपर्यंत खांद्यावरून न्यायचे. रीत प्रेमाचीच, यात शंका नाही. पण अशा प्रेमात आपली स्वतःचीच हौस किती असते, हे कोणी तपासून पाहत नाही.

तालमीतल्या वृद्ध वस्तादांच्या नजरेतून तो गुडघा सुटला नव्हता. एकदा त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारले, "पाय दुखतोय न्हवं?" त्याने हसून नकारार्थी मान हलवली.

उपांत्य सामना पेठेने त्याच्याच गोलावर जिंकला. पोरे त्याला उचलायला धावली, तोच वस्ताद काठी आडवी धरून उभे राहिले. "कुणी हात लावायचा न्हाई. आज ह्यो चालत येईल."

सगळे चक्रावले, पण वस्तादांपुढे बोलणार कोण? तो चालू लागला. इंजेक्शनचा असर ओसरत होता. वेस ओलांडेपर्यंत तो उघड लंगडू लागला. वाटेत त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मिरवणुकीची हलगी थांबली. संघाच्या कारभाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि तालीम येण्याआधीच अंतिम सामन्यातली त्याची जागा गेली.

"वस्ताद, तुम्ही मला संपवलंत," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत तो पेठेची भाषा शिकला होता. "भरल्या लोकांत माझी लाज काढलीत. आता मला इथं कोण ठेवील?"

"लेका, तुला इचारलं तवा तू हसलास. खांद्यावरचा माणूस लंगडतोय का, ते खालच्यांना कसं दिसावं? ते तुला उचलायचे, तुझं दुखणं झाकलं जायचं, आणि तुला वाटायचं, ही माणसं मला सांभाळत्यात. माझ्या घरी ऱ्हा. पाय बरा होऊ दे. कारभाऱ्यांशी मी बोलतो. पाय ऱ्हायला तर खेळ ऱ्हाईल."

त्याला ते पटले असावे. पण दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात समोर असलेल्या शेजारच्या पेठेची माणसे आली; त्यांनी त्याचा गोल पाहिला होता, लंगडणे नव्हे. त्यांनी त्याला नवा करार देऊ केला, फेटा बांधला आणि दारातूनच खांद्यावर घेतले. तो गेला. त्याला दोष तरी कसा द्यावा? घरी खाणारी तोंडे वाट पाहत होती.

अंतिम सामन्यात, कोणाचा धक्काही लागला नसताना, तो मैदानाच्या मधोमध कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून कडेला नेईपर्यंत प्रेक्षकांची नजर पुन्हा चेंडूवर गेली होती. त्याची नवी पेठ जिंकली. गुलाल उधळला, खांद्यावर दुसराच कोणी होता. डॉक्टरांनी सांगितले, हा गुडघा आता धावणार नाही.

गाव सोडण्याच्या दिवशी इस्पितळात एकटे वस्ताद आले. 'सांगितलं होतं' असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त आपला खांदा पुढे केला. त्यावर हात ठेवून तो जिना उतरू लागला. तो थांबला की वस्ताद थांबत. तो निघाला की निघत.

"वस्ताद, मी कुठं थांबणार ते तुम्हाला आधीच कसं कळतं?"

"तुझा हात माझ्या खांद्यावर हाय न्हवं. तुझं समदं वजन कळतंय मला."

उरलेल्या पायऱ्या तो हात न काढता उतरला.

आपणही ज्याला डोक्यावर घेतले आहे, त्याला एकदा खाली उतरवून चालताना पाहावे.