विमानाच्या शेपटीवरचं कुंकू

एका गावात एक विमान होतं. म्हणजे आधी नव्हतं. तिथल्याच एका नवराबायकोनं ते आपल्या हातांनी केलं, म्हणून झालं.

नवऱ्याचं नाव बजरंग. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. बायकोचं नाव इंदू. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी मिळून ते छोटंसं विमान उभं केलं. सांगाडा बजरंगनं जोडला. पंखांवरचं कापड इंदूनं ताणून बसवलं, आणि शेपूट तर सगळं तिच्याच हातचं. शेपटीला एक हलती पाळ असते. तिच्यामुळे विमान नाक वर करतं, खाली करतं. ती पाळ बिजागऱ्यांवर हलते आणि प्रत्येक बिजागरीला एक नट असतो.

गावातले लोक चेष्टा करायचे. "नावच बजरंग, उडणारच की! फक्त वहिनी, शेपटीला आग लागू देऊ नका."

इंदू हसून पाना फिरवत राहायची.

त्या शेडचा एक नियम होता. ज्यानं नट आवळला, त्यानंच त्याच्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची, नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच कळतं. रेघ नसली तर नट आवळलेला नाही असं समजायचं. बाटली इंदूची होती, पण तिच्या नखांना ती कधी लागलीच नाही.

विमानाची तपासणी झाली, परवानगी आली, उडायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी दुपारी शेपटीची पाळ थोडी कुरकुरली. म्हणून इंदूनं मधले काही नट सोडवले, त्यांच्यावरच्या जुन्या रेघा खरवडून काढल्या, ग्रीस भरलं आणि ते परत आवळायला घेतले. बाकीचे आवळून त्यांच्यावर रेघा ओढून झाल्या, शेवटचा नट नुसता बोटांनी बसवला होता, तेवढ्यात सासूबाईंची हाक आली.

"इंदे, धाव गं! पोरीचं अंग तव्यासारखं तापलंय!"

इंदूनं पाना तिथंच टाकला आणि लहानग्या मुक्ताला घेऊन ती तालुक्याच्या दवाखान्यात धावली. रात्रभर ती मुलीच्या उशाशी बसून होती. नटाची आठवण आली, पण तिला वाटलं, त्याच्यावर रेघ नाही. यांना दिसेलच.

सकाळी सासूबाई, म्हणजे कोंडाबाई, पूजेचं ताट घेऊन विमानापाशी आल्या. त्या गावात नवा ट्रॅक्टर आला तरी आधी कुंकू लागतं, मग हे तर विमान. कोंडाबाईंनी पंखांना कुंकू लावलं, चाकांना लावलं आणि त्या शेपटीपाशी आल्या. बघतात तर प्रत्येक नटावर लाल चिरी, आणि एकच नट बिचारा मोकळ्या कपाळाचा.

"सुनेनं सगळ्यांना लावलं आणि हा एकटा राहिला की काय," असं म्हणून त्यांनी ओल्या कुंकवाची छान चिरी त्याच्यावर ओढली. मग बाकीच्यांनी काय पाप केलं, म्हणून त्यांच्या रेघांवरही एकेक बोट फिरवलं.

त्यानंतर बजरंगनं विमानाभोवती फेरी मारली. शेपटीपाशी तो वाकला. सगळे नट लाल दिसले. तो समाधानानं पुढे गेला.

मुक्ताचा ताप उतरला तशी इंदू तिला खांद्यावर घेऊन, विमान उडणार होतं त्या माळावर थेट आली. सारा गाव जमला होता. सरपंच फेटा बांधून उभे होते. बजरंग विमानात बसलेला होता. इंदू आधी आपल्या शेपटीपाशी गेली.

"अहो, तो राहिलेला नट तुम्ही आवळला ना?"

"कुठला नट? सगळे लाल आहेत. मला वाटलं तूच आवळलास."

इंदूनं वाकून बघितलं. नेलपॉलिश चमकतं, हे चमकत नव्हतं. हे कुंकू होतं, आणि सगळ्यांवर होतं. कोणता नट कच्चा, ते आता तिलाही सांगता येईना. नुसतं बोटांनी चाचपून खात्री पटत नाही, आणि सगळ्यांना पाना लावावा तर आवळलेले नट उगाच ताणले जातील. उपाय एकच होता. ओल्या फडक्यानं पुसायचं. कुंकू जाईल, नेलपॉलिश राहील.

पण नवरा विमानात बसलेला, आणि बायकोनं साऱ्या गावादेखत कुंकू पुसायचं? गप्प बसावं, असं तिला क्षणभर वाटलंही. मग खांद्यावरच्या मुक्तानं "बाबा" म्हणून हात हलवला.

"अहो, खाली उतरा."

"आत्ता? लोक बघतायत गं."

"बघू देत. उतरा म्हणते ना!"

मुक्ताला सासूबाईंकडे देऊन इंदूनं पदर पाण्यात बुडवला आणि पहिल्या नटावरचं कुंकू पुसलं.

कोंडाबाई ओरडल्या, "इंदे! चांगल्या दिवशी कुंकू पुसतेस? डोकं फिरलं का तुझं?"

बायका कुजबुजायला लागल्या. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही.

"पुसू द्या, आत्या. हे नाही पुसलं, तर माझं पुसलं जाईल."

पहिल्या नटाखाली नेलपॉलिशची रेघ चमकली. दुसऱ्याखालीही चमकली. मागून कुणीतरी हसलं, "वहिनी, लागली का आग?" इंदूनं तिकडे बघितलंही नाही. पुढचा नट पुसला, त्याच्या पुढचा पुसला. आणि एका नटावरचं सगळं लाल पदराला आलं. खाली कोरं लोखंड.

इंदूनं दोन बोटांनी धरून बघितलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा तो नट फिरला.

बजरंगनं कपाळावरचा घाम पुसला.

कोंडाबाई जवळ आल्या. "मीच लावलं गं बाई ते. मला वाटलं, तू विसरलीस."

"विसरले नव्हते, आत्या. आवळायचा राहिला होता, म्हणून कोरा सोडला होता."

कोंडाबाईंनी आपल्या पदराचं टोक पुढे केलं. "तुझा पदर भरला. हा घे, आणि राहिलेले सगळे पूस. कोण बोलतं ते मी बघते."

सगळे नट पुसून झाले. इंदूनं कच्चा नट पान्यानं आवळला, लाल रेघ ओढली आणि फुंकर घालून वाळवली. ती वाळेपर्यंत अख्खा गाव, सरपंचांसकट, उन्हात उभा राहिला.

मग विमान धावलं. चाकं जमिनीवरून सुटली, नाक वर झालं, आणि माळावर एकच गलका उठला. इंदू मात्र गलक्यात नव्हती. ती शेपटीकडे बघत होती. गावाला फेरी मारून विमान अलगद खाली टेकलं, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

सरपंचांनी कौतुकानं विचारलं, "काय बजरंग, शेपूट कुठल्या कंपनीचं?"

बजरंगच्या आधी कोंडाबाईच बोलल्या. "कंपनी कसली? माझ्या सुनेनं बसवलंय!" आणि ताटात उरलेलं कुंकू त्यांनी इंदूच्या कपाळाला ठसठशीत लावलं.

तात्पर्य: ज्या कामावर कुणाचा जीव अवलंबून आहे, तिथे शकुनापेक्षा खात्री मोठी मानावी, आणि मनात शंका आली, तर चारचौघं काय म्हणतील म्हणून ती झाकून ठेवू नये.