शेजारणीची वाटी

टीव्हीवरच्या ‘सुगरणींचा सामना’ची अंतिम फेरी होती आणि उरलेल्या दोघी स्पर्धकांना चिंचगुळाची आमटी करायची होती. शेगड्या पेटण्याआधीच दिग्दर्शकाने पालघरच्या रोशनी भोईरला खडूने जागा आखून दिली. "हरल्यावर इथे उभं राहून रडायचं." पोरीचा चेहरा उतरला, आणि तो बघता बघता शेजारच्या ओट्यावर इंदुताई पडवळांची आमटी करपली.

जेवणाच्या सुट्टीत कॅमेरे बंद झाले, तशी रोशनीने आपल्या पातेल्यातली वाटीभर आमटी त्यांच्यापुढे ठेवली. "घ्या काकू. मी तर हरणारच आहे."

सुट्टीनंतर परीक्षक शेफ जयराज आले. रोशनीची आमटी चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं. "पोरकट चव आहे." मग इंदुताईंच्या नावाची पाटी वाचली, त्यांची वाटी ओठाला लावली आणि डोळे मिटले. "वा. हा तर माझ्या आईचा हात." आणि विजेतीची चांदीची पळी त्यांनी इंदुताईंना दिली.

इंदुताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझी आमटी करपली. ही या पोरीच्याच पातेल्यातली आहे. आईचा हात ओळखायला तुम्हाला आधी नावाची पाटी बघावी लागते का हो?"

शेफसाहेब दिग्दर्शकाकडे बघू लागले आणि दिग्दर्शक जमिनीकडे.

इंदुताईंनी ती वाटी धुतली, पदराने पुसली आणि तीत चांदीची पळी ठेवून रोशनीपुढे धरली. "शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, बाळा."

रोशनी रडली, पण आखून दिलेल्या जागेवर नाही; इंदुताईंच्या खांद्यावर.