उरलेलं पान

फार पूर्वी, पुस्तकं पळसाच्या पानांवर लिहीत तेव्हा, एक म्हातारं साळिंदर पिल्लांसाठी गोष्टी लिहायचं. लेखणी म्हणून स्वतःच्याच अंगावरचा काटा उपटायचं. लिहून लिहून पाठ उघडी पडली होती. तरी संपादक घुबडराव दरवेळी बजावायचे, "शेवटी उपदेशाचं पान हवंच!" साळिंदर कंटाळत तेही लिहायचं.

एकदा पुस्तक करडांकडून परत आलं, तर त्यात उपदेशाचं तेवढंच पान.

"बाकीची कुठं गेली रे?"

"खाल्ली, आजोबा!" करडू म्हणालं. "फार गोड होती. हे कडू लागलं."

साळिंदर कितीतरी दिवसांनी हसलं.

तेवढ्यात घुबडराव आले. उरलेलं पान पाहून खूश झाले. "बघा, उपदेशच टिकतो! पुढचं अख्खं पुस्तक उपदेशाचंच करा."

साळिंदराने सुस्कारा सोडला आणि पाठीवर एखादा काटा उरलाय का, ते चाचपलं.