मुकी पेटी

फार मागची, पूर्व आफ्रिकेतली गोष्ट. एका गावानं मक्याच्या शेतांमधून हत्तींना डोंगराकडे जायला वाट सोडली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगलेल्या; त्या गुणगुणीला भिऊन हत्ती शेतात शिरत नसत.

एका दुपारी कळपाच्या थोरल्या हत्तिणीला म्वीकाली म्हातारीच्या बांधावरची पेटी मुकी वाटली. माश्या केव्हाच उडून गेल्या होत्या. एकटीच मागे राहून तिनं तार सारली आणि उभा मका फस्त केला.

म्हातारी नवऱ्यासोबत बाजारातून परतली, तेव्हा हत्तीण झुडपाआड लपली.

"वाट बुजवून टाकू, कधीचा सांगतोय," म्हातारा किलोंझो म्हणाला.

"आपल्या थोरलीचं काम नव्हे हे," म्वीकाली म्हणाली. "इतकी वर्षं जातेय, एका कणसाला सोंड लावली नाही तिनं. कुणी परकी आली असणार." आणि रोजच्यासारखं तिनं वाटेवरच्या डोणीत हत्तींसाठी पाणी ओतलं.

कळप पाण्यावर आला. थोरली लांबच उभी राहिली.

"अक्का, तू नाही पीत?" धाकट्या बहिणीनं विचारलं.

"तहान नाही," मान वळवून ती म्हणाली. दाढांत अजून मक्याचे दाणे अडकलेले होते.