नीवारेला न सोसलेला हविर्गंध

मंडळी, आधी एक सांगा. चारही वेद मुखोद्गत असलेला नवरा एक सांगतो आणि गर्भ खाणारी राक्षसी दुसरंच सांगते, तर विश्वास कोणावर ठेवाल? घाईनं बोलू नका. त्रेतायुगात पयोष्णीच्या तीरावर एका बाईला याचा निवाडा उभ्या उभ्या करावा लागला होता.

जिथं हरणं दर्भावर निःशंक रवंथ करीत, जिथं वटवृक्षांच्या पारंब्या होमधुरानं काळवंडल्या होत्या आणि जिथं सामगान चालू असता मोरही पाऊल जपून टाकीत, असा तो तपोनिधी ऋतायनांचा आश्रम. त्यांची धर्मपत्नी नीवारा. संततीसाठी तिनं करायचं व्रत उरलं नव्हतं. दोनदा उपवास चालू असतानाच कळा येऊन रक्त गेलं, आणि दोन्ही वेळा आपल्याच व्रतात खोट राहिली असं मानून ती पुन्हा नव्या व्रताला बसली.

त्या वसंतात मात्र काही विपरीत घडू लागलं. आश्रमातलं तूप म्हणजे कढताना वाटसरूची भूक चाळवावी असं; पण त्याची आहुती पडली की नीवारेच्या पोटात ढवळे आणि तोंडाला पदर लावून ती नदीकडे धावे. ऐन संध्येच्या वेळी डोळे मिटत. छाती ठणके. पाळी चुकली होती. उपवासांनी देह सुकला असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. आणि एके दिवशी वेदी सारवताना तिनं ओल्या मातीचा चिमूटभर गोळा जिभेवर ठेवला, तो तिला अमृतासारखा लागला. त्या क्षणी तिनं घाबरून तोंड पुसलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागं वळून बघितलं.

कारण हविर्गंधानं पळतात ते राक्षस, संध्येला झोपतात ते राक्षस आणि वेदी विटाळतात तेही राक्षस, हे आश्रमातल्या सगळ्यांना पाठ होतं. शेजारच्या ऋषिपत्नींनी तिला पळताना पाहिलं होतं, म्हणून त्या टोमणा मारीत, की देवांना रुचतं ते हिला रुचत नाही, बाई मोठ्या घरची दिसते. ऋतायनांनी तिची झोप पाहिली होती. चुकलेली पाळी आणि मातीची ओढ मात्र तिनं भीतीपोटी कोणापाशीच बोलून दाखवली नाही. सगळं ठाऊक होतं ते तिला एकटीला.

अखेर ऋतायनांनी रक्षोघ्न होम मांडला. पांढरी मोहरी, गुग्गुळ, निंबपत्रं यांच्या धुरात नीवारेनं तीन दिवस निर्जळी बसायचं, म्हणजे अंगातली राक्षसी बाहेर पडेल. पहिल्याच दिवशी सूर्य माथ्यावर आला आणि मंत्रानं ओढलेली विघसा नावाची राक्षसी फरफटत वेदीपुढे आली. अंगातून नव्हे, समोरच्या अरण्यातून.

"हिचा देह सोड," ऋतायन गरजले.

"मी धरलाच नाही, तर सोडू काय?" विघसा खोकत म्हणाली. "मुनिवर, तुमच्या मंत्रानं बांधलेली मी खोटं बोलू शकत नाही. त्या देहात कुणीतरी आहे खरं, पण ते तुमचंच आहे."

मग ती नीवारेकडे वळली. "तुपानं ढवळतं ना? माती गोड लागते? बाई, गर्भाचा माग काढणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. याआधीही दोनदा वास घेत इथवर आले आणि उपाशी परतले. माझ्याआधी तुझे उपवास जेवून गेले होते."

नीवारेच्या डोळ्यांपुढे त्या दोन्ही वेळा उभ्या राहिल्या. मातीचं तर तिनं वाऱ्यालाही कळू दिलं नव्हतं.

"राक्षसीचं वचन म्हणजे माया," ऋतायन म्हणाले. "आसन मोडलंस तर तुम्हां दोघींनाही शापीन." आणि त्यांनी शापोदकासाठी कमंडलूकडे हात नेला.

पण नीवारा धुरातून उठली, तिनं कमंडलू उचलला आणि घटाघटा रिता केला.

"आर्यपुत्र," ती म्हणाली, "शापाचं पाणी मी प्यायले. मला तहान लागली होती. तुमच्या मुलालाही लागली असेल."

ऋतायनांचा हात तसाच कोरडा राहिला. तेवढ्यात ज्वाळा दुभंगून सप्तजिव्ह हुताशन प्रकटले.

"ऋतायना, हविच्या वासानं ती व्याकुळ झाली तो तिचा दोष नव्हे, माझा निरोप होता. आजपासून गर्भाची पहिली वार्ता मी मातेच्या देहालाच कळवीन. ती सांगेल तेव्हा जो तिला उपाशी ठेवील, त्याचा हविर्भाग मी स्वीकारणार नाही. आणि विघसे, गर्भिणी जिथं पोटभर जेवते, त्या घराचा उंबरा तुला ओलांडता येणार नाही."

खरं बोलल्याचं हेच का फळ, असं पुटपुटत विघसा अरण्यात गेली. ऋतायनांनी स्वतःच्या हातानं होम विझवला आणि काय सोसेल, असं पत्नीला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, आंबट काहीतरी. शरदाच्या अखेरीस आश्रमात मूल रडलं.

तेव्हापासून कित्येकींना तो निरोप असाच, घरच्या अन्नाच्या वासातून येतो म्हणतात. म्हणून आयाबहिणींनो, एवढी विनंती आहे, देहाचा जमाखर्च सचोटीनं ठेवा. काय सोसेना, कशावर वासना गेली, पाळी कधी चुकली, यातली एकही नोंद भीतीपोटी गाळू नका. आणि घरच्या माणसांनो, ती सांगेल ते तुम्हीही जसंच्या तसं मांडून घ्या.