बिनओरखड्याचा वीर

कर्दळगडचा राजा हंबीरदेव मोहिमेत कधीच मरत नसे, हीच तर सगळी अडचण होती!

मोहीम म्हणजे खरी लढाई नव्हे. गडावरचा तो दुपारचा खेळ होता. सूत्रधाराने गोष्ट रचायची, प्रत्येकाने पटावरच्या एकेका लाकडी वीराचं सोंग घ्यायचं आणि संकट आलं की कवड्या टाकायच्या. उताण्या पडल्या तर वीर तरला, पालथ्या पडल्या तर मार खाल्ला. नियम सोपा होता. राजा सोडून सगळ्यांना लागू होता.

"महाराज, बाण लागला," सूत्रधार म्हाळू गुरव म्हणे.

"लागला नाही. आम्ही खाली वाकलो होतो."

"मग दरीत पडलात."

"उडालो! आम्हाला पंख आहेत."

"कधीपासून, महाराज?"

"जन्मापासून. तू विचारलं नाहीस!"

शिवाय दुसऱ्याची पाळी आली की तीही राजाच खेळे. सेनापतीने तलवार उपसायच्या आत राजाने राक्षस मारलेला असे. अखेर सेनापतीचा गुडघा दुखू लागला. खजिनदाराची आजी आजारी पडली. ती बिचारी मागच्या राजाच्या कारकिर्दीतच वारली होती, तरीही आजारी पडली. पटाभोवती राजा एकटा उरला.

राजा भडकला. अर्थात, स्वतःवर नव्हे.

"म्हाळू, तुझा खेळ बेचव झालाय! सोमवारी असा खेळ मांड, की मंडळी हौसेने खेळली पाहिजेत. आणि आमच्या वीराला ओरखडाही उठता कामा नये! जमलं नाही, तर देवळाची पूजा दुसऱ्या गुरवाकडे आणि तू गडाखाली."

म्हाळू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. आजा-पणजापासून त्या देवळात दिवा लावणारं त्याचं घर. त्याला रडूच कोसळलं. त्याची लेक सगुणा शेजारी फुलं निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ओरखडा उठू नये, येवढंच न्हवं, बाबा?"

"येवढंच म्हणे!"

"मग सोमवारी खेळ मी मांडते. तुम्ही फकस्त शेंदराची डबी द्या."

तिने सेनापती आणि खजिनदार यांना निरोप धाडला, की या खेपेला महाराज कुणाची पाळी खेळणार नाहीत. गुडघा तत्काळ बरा झाला. आजीलाही उतार पडला.

सोमवारी सगुणाने राजाचा लाकडी वीर उचलला, त्याला नखशिखांत शेंदूर फासला आणि पटावर काढलेल्या देवळात नेऊन ठेवला.

"हे काय?" राजाने विचारलं.

"महाराज, माणूस म्हटला की ओरखडा उठायचाच. देवाला न्हाई उठत. आजपासून आपण या मोहिमेचं ग्रामदैवत!"

राजा खुलला. देव होण्यात त्याला काहीच वावगं दिसलं नाही. अधूनमधून त्याला स्वतःबद्दल तसा संशय येतच असे. सगुणाने त्याला चौरंगावर बसवलं आणि दोन्ही खांद्यांवर एकेक फूल ठेवलं.

मोहीम निघाली. चोरांनी देवळाची घंटा वाघदरीत पळवली होती, ती सोडवून आणायची होती.

"चला, आम्हीही येतो!" राजा म्हणाला.

"देव गाभारा सोडत न्हाईत, महाराज."

"बरं. सेनापती, तुम्ही डावीकडची वाट..."

"देव बोलत न्हाईत, महाराज. देव कौल देत्यात. उजवं फूल पाडलं तर हो, डावं पाडलं तर न्हाई. आन् तेबी कुणी विचारलं तर."

कुणी विचारलं नाही.

वीर नदीत पडले. चोरांनी खजिनदाराचं पागोटं पळवलं. सेनापती हसून हसून गुडघे बडवू लागला, दुखऱ्या गुडघ्यासकट. राजासमोर एक नारळ फुटला. थोड्या वेळाने आणखी एक फुटला.

"आमची पाळी कधी?" राजाने हळूच विचारलं.

"आपली तर पूजा चाललीया, महाराज!"

शेवटी वाघदरी आली. खजिनदाराचा वीर बेशुद्ध, सेनापतीचा झाडावर आणि झाडाखाली वाघ! सेनापतीने राजासमोर हात जोडले.

"देवा, आम्ही वाचू का?"

राजाने दोन्ही खांदे एकदम उडवले. दोन्ही फुलं खाली पडली.

"असा कौल नसतो," सगुणा म्हणाली.

"खड्ड्यात गेला तो कौल!" राजा चौरंगावरून उठलाच. "आम्हाला तिकडे जाऊ दे! माणूस कर आम्हाला!"

"माणसाला ओरखडा उठतो."

"उठू दे!"

"त्याला पंख नसत्यात."

"नसू देत!"

"आन् तो दुसऱ्याची पाळी खेळत न्हाई."

इथे राजा जरा थांबला. वाघ झाडावर चढू लागल्याचं सगुणाने मंडळींच्या कानावर घातलं.

"कबूल!" राजा ओरडला.

वीराचा शेंदूर पुसला. राजाने कवड्या टाकल्या. झाडून सगळ्या पालथ्या! म्हाळूने डोळे मिटून घेतले.

"वाघानं पंजा मारला, महाराज. कपाळापासून कमरेपर्यंत."

राजाने तोंड उघडलं. 'आम्ही वाकलो होतो' हे अगदी ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"खोल आहे?"

"लई."

"सेनापती, एवढा मोठा ओरखडा तुम्हाला कधी उठला होता?"

"कधीच नाही, महाराज!"

राजाची छाती फुगली. तेवढ्यात सेनापतीने स्वतःच्या पाळीला, स्वतःच्या हाताने, झाडावरून उडी टाकून वाघ मारला. घंटा देवळात परत आली. मग राजाला आपला हुकूम आठवला.

"पोरी, ओरखडा उठता कामा नये असं आम्ही बजावलं होतं. तू हुकूम मोडलास!"

"मी कुठं मोडला, महाराज? देव हुता तवर उठला का? ओरखडा आपण मागून घेतलात. नको असंल तर देऊळ रिकामंच हाय, शेंदूरबी उरलाय. म्हणाल तर आत्ता बसवते परत!"

राजाने शेंदराकडे पाहिलं. मग नारळांकडे पाहिलं. आणि तो असा खदखदून हसला, की त्याचा धक्का लागून चौरंगच कलंडला! त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातात घातलं, देवळाची पूजा म्हाळूच्या घराकडे कायमची दिली आणि सूत्रधाराच्या गादीवर सगुणाला बसवलं.

तेवढी शेंदराची डबी मात्र त्याने आधी बाहेर नेऊन ठेवायला लावली.