चिंधीचा बांबू

एक म्हातारा नावाडी पाणथळीतली पाखरे दाखवायला लोकांना होडीतून नेत असे. त्याची सून गोदा त्याच्याच हाताखाली शिकत होती. वल्हे ती झोकात मारी. पण पाहुण्यांची होडी म्हातारा काही तिच्या हाती देईना.

श्रावणात गोदाला कमळपक्ष्याचे घरटे सापडले. तरंगत्या पानांवर तांब्यासारखी चकचकीत चार अंडी, आणि उबवायला बसलेला लांब शेपटीचा बाप! ती हरखून गेली. मासेमारीच्या जाळ्यापाशी खुणेचा बांबू रोवतात तसा तिने तिथे रोवला, वर लाल चिंधी बांधली.

दुसऱ्या दिवशी एक व्यापारी आला, भला थोरला कॅमेरा घेऊन.

"मामंजी, आज मी नेते! बघाच तुम्ही!"

म्हातारा मागे जाऊन बसला. गोदाने होडी अशी पिटाळली की व्यापारी ओरडला, "ताई, पाखरे दाखवता की मला बुडवता?"

"धरून बसा शेठ! जन्मात बघितलं नसेल असं दाखवते!"

चिंधी दिसली. होडी जवळ गेली. बाप आकांताने भिरभिरत होता, आणि अंडी तीनच होती.

म्हाताऱ्याने बांबू उपटला. "मागे घे."

"मामंजी! खूणच काढलीत, आता मला घरटं सापडायचं कसं?"

म्हाताऱ्याने दूर मोकळ्या पाण्यात तोच बांबू रोवला आणि होडी बाजूला घ्यायला लावली. थोड्याच वेळात एक घार आली, बांबूवर ऐटीत बसली आणि मान वळवून पानापानाचा शोध घेऊ लागली.

म्हातारा म्हणाला, "पोरी, खूण तू तुझ्यासाठी केलीस, पण घारीला आयतं आसन मिळालं. खूण ध्यानात ठेवावी, पाण्यात रोवू नये."

गोदाचा चेहरा उतरला. मग तिने सपकन वल्हे हाणून घारीला उडवले, बांबू उपटून होडीत आडवा टाकला आणि लांबचा वळसा घेऊन थांबली.

"शेठ, इथूनच बघायचं."

"इथून? अहो, एवढंसं दिसतंय!"

"एवढंसंच बघा. पुढे एक हात जाणार नाही."

तेवढ्यात बाप परतला. त्याने तिन्ही अंडी पंखांनी पोटाखाली ओढली. व्यापारी कॅमेरा मांडीवरच विसरला.

"उद्याचे पाहुणे तूच ने," म्हातारा म्हणाला.

सापडलेले मिरवण्याची हौस सगळ्यांनाच असते. आपल्या बांबूवर कोण येऊन बसले, तेही डोळे उघडून बघावे.